अकरा पॉइंट सहा

मी एक जुनी ब्युरेट आहे.

मित्रांनो, ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी काचेची एक लांब, सडपातळ नळी. उंची साधारण दीड हात. अंगावर बारीक रेघा आणि आकडे, आणि खाली काचेचीच एक तोटी. तोटी फिरवली की आतलं द्रावण धारेनं खाली येतं. अलगद फिरवली तर थेंबाथेंबानं. किती द्रावण खाली गेलं ते सांगायचं, एवढंच माझं काम.

माझ्यात एक गोष्ट मात्र उलटी आहे. माझं शून्य डोक्यावर असतं आणि पन्नास पायाशी. कारण मी उरलेलं मोजत नाही, गेलेलं मोजते. म्हणून माझी गोष्टही वरून खाली सांगते. तिच्यात सालं सापडणार नाहीत, माझ्या अंगावरचे आकडे सापडतील. मध्येच एखादा हवेचा बुडबुडा आला, तर सांभाळून घ्या.

० वर

माझा जन्म दूर अंबाल्याला झाला. तिथल्या एका कारागिरानं माझी तोटी आणि तिचं घर एकमेकांवर तासन्‌तास घासलं. दोघांमध्ये केस शिरणार नाही इतकी ती चपखल बसली. ही चपखल तोटी लक्षात ठेवा. पुढे तिच्यामुळेच सगळं झालं.

मग मी पीथमपूरला आले, औषधांच्या एका कारखान्यात. तिथे पोटातल्या जळजळीवरच्या गोळ्या बनत. एक गोळी किती आम्ल शमवते हे मोजायचं काम सुमंगलाताईंकडे होतं. त्या धारहून शिफ्टच्या बसनं यायच्या, पांढरा कोट घालायच्या आणि पहिल्यांदा मला धुवायच्या. तीन वेळा. संध्याकाळी पुन्हा तीन वेळा. मला स्टँडला लावताना एकदा त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या होत्या, "जोवर माळव्यात शेव आणि कचोरी आहे, तोवर आपली नोकरी पक्की!"

त्यांची नोकरी पक्की राहिली, माझी नाही. एक दिवस काळ्या पडद्याचं एक यंत्र आलं. ते स्वतःच थेंब टाकायचं आणि स्वतःच आकडा सांगायचं. सुमंगलाताईंनी मला शेवटचं तीनदा धुतलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि देवासच्या मुलींच्या एका शाळेला देऊन टाकलं.

इथे एक बुडबुडा

पुढे जाण्याआधी थोडं रसायनशास्त्र सांगते. घाबरू नका.

साखर पाण्यात टाकून ढवळली की दिसेनाशी होते, पण चवीला असते. तिला आपण विरघळली म्हणतो, आणि त्या गोड पाण्याला द्रावण. सगळ्याच वस्तू पाण्यात विरघळत नाहीत. हळद घ्या. पाण्यात टाकली तर पाणी गढूळ होतं आणि थोड्या वेळानं हळद तळाशी बसते. तीच हळद स्पिरिटमध्ये टाकली, तर रंग कसा झरझर सुटतो! कोण कशात विरघळेल हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं.

आता आम्ल आणि आम्लारी. लिंबू, चिंच, दही ही आंबट मंडळी म्हणजे आम्लं. चुना, खाण्याचा सोडा, साबण ही बुळबुळीत मंडळी आम्लारी. दोघं समोरासमोर आली की एकमेकांचा जोर उतरवतात. मात्र जोर नेमका कधी उतरला ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांच्यात असा एखादा रंग मिसळतात, जो बरोबर त्या क्षणी बदलतो. त्याला दर्शक म्हणतात.

आणि एक गुपित. सगळे आम्लाला भितात. मी काच आहे, मला आम्लाचं फारसं काही वाटत नाही. माझा खरा वैरी तो बुळबुळीत, गरीब दिसणारा कॉस्टिक सोडा. तो बराच काळ माझ्या अंगात राहिला, की काच हळूहळू खातो.

झाला बुडबुडा. चला पुढे.

१०.० वर

देवासच्या त्या प्रयोगशाळेत चार ब्युरेटी होत्या. तिघींना प्लास्टिकच्या तोट्या होत्या. काचेच्या तोटीची मी एकटीच, म्हणून सगळ्यात जास्त काळजी माझी घेतली जायची. आणि काळजी घेणाऱ्या होत्या उमाबाई.

उमाबाई प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. त्यांच्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे आले. त्यांच्याकडे काम होतं कुंकू करण्याचं. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, त्यात तुरटी आणि टाकणखार, म्हणजे एक आम्लारी, घालायचा, पिवळ्याचं लाल झालं की सावलीत वाळवून कुटायचं. दरबार गेला, पण उमाबाईंच्या घरी अजून दरवर्षी चार किलो कुंकू होतं आणि गल्लीभर वाटलं जातं. त्यामुळे त्यांची बोटं बारा महिने पिवळी. बरण्या सांभाळायची त्यांची रीतही कुंकवाच्या घरातली होती. झाकण नसेल तर बरणीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधायचा. "खाराला श्वास लागतो," असं त्यांची सासू सांगायची.

जानेवारीत कॉस्टिक सोड्याच्या बरणीचं झाकण तडकलं, तेव्हा उमाबाईंनी तेच केलं. धुतलेल्या मलमलीचा तुकडा घेतला, तोंडावर ताणून बांधला आणि वर सुंदर गाठ मारली.

ही गाठही लक्षात ठेवा.

खरं तर द्रावणं बनवायचं काम रसायनशास्त्राच्या भूपेंद्र सरांचं. पण सर म्हणायचे, "उमाबाई, आपके हाथ का नाप मुझसे अच्छा है. चार ग्रॅम तोला, लिटरभर पाण्यात टाका. दहा आलं पाहिजे, बस." आणि दहाच यायचं. दहा मिलीलीटर आम्लाला दहा मिलीलीटर कॉस्टिक. इतक्या वर्षांत दुसरं काही आलं नव्हतं. म्हणून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं: १०.०. परीक्षेच्या दिवशी ते दार थोडं उघडं राहायचं. याला कुणी कॉपी म्हणत नसे. मुली त्याला 'कपाटाचा आशीर्वाद' म्हणायच्या.

उमाबाईंची भाची, म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी मोना, त्याच शाळेत अकरावीत होती. मोनाला पांढरा कोट हवा होता, माझ्या सुमंगलाताईंसारखा. पण सहामाहीत ती रसायनशास्त्राच्या लेखी पेपरात नापास झाली. भूपेंद्र सरांनी स्पष्ट सांगितलं, "प्रॅक्टिकल में भी गई, तो बारावीला सायन्स नाही. आर्ट्स घे, आरामात राहा."

"मला आराम नको सर," मोना म्हणाली होती.

तर मित्रांनो, पणाला हे लागलं होतं. एका मुलीचं सगळं पुढचं शिक्षण, आणि ते मोजायचं होतं मला.

११.६ वर

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी परीक्षा होती. धारहून परीक्षक आले, यशवंतराव सर. पांढऱ्या मिशा, हळू आवाज, आणि खिशात स्वतःचं भिंग. आम्हा चौघी ब्युरेटींवर मुली पाळीपाळीनं प्रयोग करत होत्या, मोनाच्या वाट्याला मी आले.

तिनं मला नीट भरलं. फ्लास्कमध्ये दहा मिलीलीटर आम्ल घेतलं, दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि तोटी फिरवली. थेंब पडत होते, फ्लास्क डुलत होता. दहा झालं. दर्शकाचा गुलाबी रंग आला नाही. साडेदहा झालं. नाही. अकरा झालं. मोनाच्या कपाळावर घाम. अकरा पॉइंट सहाला एक थेंब पडला आणि रंग टिकला.

तिनं मला पुन्हा भरून दुसऱ्यांदा केलं. अकरा पॉइंट सहा. तिसऱ्यांदा. अकरा पॉइंट सहा.

मी घाबरले. गळते की काय मी? म्हातारपण आलं की काय माझ्या तोटीला? मला तोंड असतं तर मी विचारलं असतं. मला फक्त थेंब टाकता येतात.

शेजारच्या टेबलावरची राजनंदिनी ओठ न हलवता म्हणाली, "दहा लिख दे ना, पागल. सबका दस है."

"पण माझं आलं नाही दहा."

"येत नाही, आणलं जातं. दार बघ ना!"

बेसिनजवळ फ्लास्क विसळत असलेल्या उमाबाईंनी भाचीकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच कपाट दाखवलं. मोनानं दाराकडे पाहिलं. १०.० ठळक दिसत होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. वाकून, डोळा बरोबर माझ्या रेघेशी आणून, द्रावणाच्या वाकलेल्या कडेचा तळ पुन्हा एकदा वाचला. आणि वहीत लिहिलं: ११.६, ११.६, ११.६.

यशवंतराव सरांनी वह्या चाळल्या. तेवीस वह्यांत दहा. एका वहीत अकरा पॉइंट सहा.

"बाळ, सगळ्यांपेक्षा तुझं वेगळं कसं?"

"माहीत नाही सर. तीनदा केलं."

भूपेंद्र सर लगबगीनं पुढे आले. "सर, ती ब्युरेट जुनी आहे. गळते. कबाडातच टाकायचीय."

सरांनी माझ्या टोकाखाली कोरडा कागद धरला आणि शांतपणे दोन मिनिटं उभे राहिले. कागद कोरडाच राहिला. माझ्या जिवात जीव आला.

"गळत तर नाही," ते म्हणाले. "पुन्हा कर. माझ्यासमोर."

मोनानं दर्शकाची बाटली उचलली. ड्रॉपर दाबला. नुसती हवा आली. चोवीस मुलींत बाटली संपली होती.

"जाऊ द्या सर," भूपेंद्र सर म्हणाले, "दहाच धरा ना, पोरीचंच भलं होईल."

"जे तिनं पाहिलं नाही ते मी कसं धरू? आणि जे तिनं लिहिलं ते तपासल्याशिवाय गुण तरी कसे देऊ?" सरांनी पेन टोपणात घातलं. "दर्शक नसेल तर हिचं प्रॅक्टिकल अपूर्ण लिहावं लागेल."

मोनाचा चेहरा कागदासारखा झाला.

११.६ वरच, अजून

उमाबाईंचे हात ओले होते. त्यांची नजर बरणीवर गेली. मलमलीतून आतल्या कॉस्टिकच्या गोळ्या दिसत होत्या. एकमेकींना चिकटलेल्या, घाम आल्यासारख्या ओल्या. मी स्टँडवरून त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं, तर कुणालाच कधी कळलं नसतं.

त्यांनी पदराला हात पुसले.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हळद चालेल का?"

"हळद?"

"आज संध्याकाळी हळदीकुंकवास जायचंय, म्हणून करंडा पिशवीत आहे. कुंकू तरी काय असतं साहेब? हळदच ती. खार लागला की लाल होते. आमच्या घराण्यानं दुसरं काही केलंच नाही."

राजनंदिनीला हसू फुटलं. यशवंतराव सर हसले नाहीत. "दाखवा," म्हणाले.

उमाबाईंनी चिमूटभर हळद छोट्या बीकरमध्ये घेतली. मोना पाण्याची बाटली घेऊन धावली.

"अगं पाणी नको, पाण्यात ती तरंगते नुसती. स्पिरिट दे दिव्याचं."

स्पिरिटमध्ये हळदीनं रंग सोडला. उमाबाईंनी तो गाळणकागदातून गाळला. सोनेरी, नितळ. मोनानं दोन थेंब आम्लात टाकले. फ्लास्क पिवळा झाला.

मग माझी तोटी फिरली. मित्रांनो, आयुष्यात मी हजारो थेंब टाकले, पण इतकं जपून कधी टाकले नाहीत. प्रत्येक थेंब पडला की पिवळ्यात एक लाल ठिपका उमटायचा आणि विरून जायचा. दहा. अकरा. मुली आपापली टेबलं सोडून भोवती जमल्या. अकरा पॉइंट चार. अकरा पॉइंट पाच. एक थेंब माझ्या टोकाशी लोंबत राहिला. पडला.

हळदीचं कुंकू झालं.

यशवंतराव सरांनी खिशातून भिंग काढलं. "अकरा पॉइंट सहा," ते म्हणाले. "पोरीचं बरोबर आहे. मग बाकीच्या तेवीस जणींचं दहा कुठून आलं?"

भूपेंद्र सर बुटांकडे पाहत होते. आणि उमाबाई बरणी घेऊन पुढे आल्या, मलमलीसकट.

"दहा त्या दारावरून आलं. आणि अकरा सहा माझ्यामुळे. झाकण तडकलं म्हणून मी फडकं बांधलं. गोळ्या ओल्या दिसल्या होत्या मला. तरी चार ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम म्हणून तोलल्या."

सरांनी गाठीवर बोट ठेवलं. "टाकणखाराला चालतं हे. हा वेगळा आहे, उमाबाई. हा हवेतलं पाणी पितो. तुम्ही चार ग्रॅम तोललात, त्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त नुसतं पाणी होतं. सोडा कमी पडला, म्हणून द्रावण पातळ झालं आणि थेंब जास्त लागले."

"आत्याची चूक नाही सर," मोना घाईनं म्हणाली. "द्रावण बनवणं तिचं कामच नाही."

"गप्प बस गं," उमाबाई म्हणाल्या. "तोललं मी आहे."

मग त्या कपाटाशी गेल्या, दार पूर्ण उघडलं आणि पिवळ्या बोटांनी तो खडूचा आकडा पुसला.

त्या दिवशी तेवीस मुलींनी पुन्हा प्रयोग केला, हळदीवर. कुणाचं अकरा सहा, कुणाचं अकरा पाच. राजनंदिनीचं बारा आलं, कारण तिनं तोटी बंद करायला उशीर केला. "सर, कुंकू जरा ज्यादाच लाल झालं," ती म्हणाली, आणि शेवटी यशवंतराव सरही हसले. मोनाला पूर्ण गुण मिळाले.

जाताना सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही अशीच राहू द्या. भरलेली. सगळ्यांना रीडिंग दिसू दे."

केवढा मान!

११.६ च्या खाली

मित्रांनो, त्या मानानंच माझा घात केला.

मोना उड्या मारत घरी गेली. भूपेंद्र सरांनी कुलूप लावलं. आणि ज्या उमाबाई मला रोज तीनदा धुवायच्या, त्यांना मोठ्या मॅडमनी खुलासा लिहायला बोलावलं. द्रावणाचं काम त्यांच्याकडून काढून सरांकडे दिलं गेलं. मग लेखी परीक्षा आल्या, मग उन्हाळा. प्रयोगशाळा बंदच राहिली.

मी उभी होते. पोटात कॉस्टिक. माळव्याच्या उन्हात पाणी हळूहळू उडालं, पण विरघळलेला सोडा काही उडत नाही. अकरा पॉइंट सहाच्या रेघेखाली पांढरा थर जमत गेला. आणि खाली, केस शिरणार नाही अशा त्या फटीत, तो गरीब दिसणारा वैरी शांतपणे काच खात राहिला.

जूनमध्ये भूपेंद्र सरांनी माझी तोटी फिरवून पाहिली. फिरली नाही. त्यांनी मला वरूनच रिकामं केलं आणि भंगाराच्या टोपलीत ठेवलं. रागानं नाही, तशी रीतच होती.

मोना आता बारावीत होती, सायन्सला. तिनं टोपलीत मला पाहिलं, पांढरा थर पाहिला. मग सरांना विचारून मला दप्तरात घालून आत्याच्या घरी घेऊन गेली.

५० च्या खाली, जिथे आकडे नसतात

"आत्या, मी धुतली नाही हिला," मोना म्हणाली. "शेवटी मीच वापरली होती. तू नेहमी सांगायचीस, वापरेल त्यानं धुवायचं. खरं लिहिलं म्हणून मी एवढी खूश, आणि हिला तशीच सोडून आले."

उमाबाईंनी मला उजेडात धरलं. "भांडू नकोस स्वतःशी. ऊन पाणी आण. कढत नको, तडकेल."

त्यांनी मला कोमट पाण्यानं भरलं आणि हळकुंडांच्या पाट्यांशेजारी उभं केलं. पांढरा थर पाण्यात विरघळून गेला. पाण्यातून आला होता, पाण्यात गेला. तोटी मात्र तशीच. रोज पाणी बदलायचं, लाकडी चमच्यानं तोटीवर हलकेच टकटक करायचं, फिरवून पाहायचं, सोडून द्यायचं. मोना कंटाळली. उमाबाई नाही. हळकुंडांवर दिवसचे दिवस थांबायची सवय होती त्यांना.

आठव्या दिवशी त्या हळद चाळून उठल्या आणि तशाच हातांनी माझी तोटी धरली. कर्र असा आवाज झाला. केसभर, फक्त केसभर, ती हलली. आणि माझ्या टोकाशी इतक्या महिन्यांनंतर एक थेंब जमला.

तो उमाबाईंच्या पिवळ्या बोटावर पडला. बोट लाल झालं.

"बघ," त्या मोनाला म्हणाल्या, बोट पाण्याखाली धरत, "अजून आहे थोडा आत."

मोनानं मला तीनदा धुतलं. मग पुन्हा तीनदा. मग तोटी फिरवून पाहिली आणि मान हलवली. "पूर्ण बंद होत नाही आत्या. थेंब थेंब येतच राहतं. रीडिंगसाठी नाही चालणार आता."

"माझ्यासाठी चालेल. मला कुठे दहा आणायचंय?"

तेव्हापासून मी इथे आहे, खिडकीतल्या स्टँडवर. माझ्यात आता लिंबाचा रस असतो. खाली हळकुंडांचं पातेलं. थेंब पडतो, जरा थांबतो, दुसरा पडतो. कुणी आकडा वाचत नाही. मोना मात्र येते तेव्हा सवयीनं वाकते, डोळा माझ्या रेघेशी आणते आणि मगच सरळ होते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या हाती माझी एखादी बहीण आली, तर तिच्यात जे दिसेल तेच लिहा, दारावर काहीही लिहिलेलं असो. आणि आनंदानं घरी पळण्याआधी तिला धुवा. तीन वेळा. तुमचं बरोबर आलं असेल, त्या दिवशी तर नक्कीच धुवा.